ऐकण्याचा पेपर

“चाळीसपैकी अडतीस बरोबर!” दिएपने पेन्सिल टेबलावर आपटली. “मग परीक्षेला बसलीस की तुझ्या कानात बोळे जातात का गं?”

 उयेनने फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. मैत्रीण दिएप वर्षभर शिकवत होती, तरी इंग्रजीच्या परीक्षेत उयेन दोनदा कमी पडली होती, तीही फक्त ऐकण्याच्या पेपरात. आयर्लंडमधलं एक हॉस्पिटल तिला नर्स म्हणून घ्यायला तयार होतं. परवाची परीक्षा शेवटची. त्यापुढे हॉस्पिटलवाले थांबणार नव्हते.

शेजारीच बाबा कोळंबी सोलत बसले होते. स्पीकर अगदी त्यांच्या कानाशी होता, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. गेल्या पावसाळ्यातल्या तापानंतर त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाहीही येणार. तेव्हापासून बाबा ओरडून बोलायचे आणि बाकीचे हातवारे करायचे.

“दिएपला जेवल्याशिवाय सोडू नको!” बाबा ओरडले.

दिएपने हसून मान डोलावली. मग ती उयेनकडे वळली. “मी हॉटेलात रोज परदेशी पाहुण्यांशी बोलते, पण मलासुद्धा इतकी उत्तरं येत नाहीत. खरं सांग, काय भानगड आहे?”

उयेनने एकदा बाबांकडे पाहिलं. त्यांची मान खालीच होती.

“मी मुद्दाम चुकीची लिहिते.”

“काय?”

“बरोबर उत्तर कळतं, आणि मी दुसरंच लिहून येते. आई गेल्यापासून यांना माझ्याशिवाय कोण आहे? मागून ट्रक आला तरी यांना पत्ता नसतो. यांना टाकून कशी जाऊ? आणि मी जात नाही म्हटलं, तर हेच मला धरून विमानात बसवतील. मार्क कमी पडले की विषयच संपला.”

दिएपने तिच्या डोक्यात टपली मारली. मग म्हणाली, “गाढव आहेस. आणि मी वर्षभर समजतेय, माझंच शिकवणं भिकार!”

दोघी हसल्या. किती दिवसांनी उयेनला मोकळं वाटलं. बाबांच्या हातातून एक कोळंबी खाली पडली. त्यांनी ती उचलली, धुतली आणि पुन्हा भांड्यात टाकली.

परीक्षेच्या सकाळी बाबांनी मुगाचा चिकट भात वाफवला. मूग खाऊन गेलं की पास होतात, म्हणून त्यांनी तिला दोनदा वाढला. ते समोरच बसले होते. उयेनने कसाबसा तो संपवला.

“मीपण येतो गेटपर्यंत!” म्हणत ते तिच्या स्कूटरवर मागे बसले.

गेटपाशी गर्दी होती. उयेनने हाताने खुणा केल्या: तुम्ही बसने घरी जा, मी येते. बाबांनी मान डोलावली. तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं. ती वळली आणि चालू लागली. दोन पावलांवर तिचा पाय अडखळला. मागे न पाहताच, स्वतःशी पुटपुटल्यासारखी ती म्हणाली, “बाबा, मला माफ करा.”

“माफी कसली मागतेस?” मागून आवाज आला, अगदी हळू. “या खेपेला उत्तरं बरोबर लिही.”