चार वाजताचा थेंब

चार वाजून वीस मिनिटं झाली तरी थेंब पडला नव्हता.

ल्युबेनने स्वयंपाकघराचे पडदे ओढून घेतले होते. टेबलावर ओव्हनचा काळा ट्रे पाण्याने काठोकाठ भरलेला, मागे काळा कागद, बाजूला फ्लॅश. थेंब जिथे पडतो तिथे आडवी पेन्सिल धरून त्याने कॅमेऱ्याचा फोकस पक्का केला होता आणि पेन्सिल बाजूला ठेवली होती. छतातून पाइप जिथे खाली उतरतो, तिथे थेंब आधी फुगायचा, लोंबायचा, मग सुटायचा.

आज तिथे काहीच नव्हतं.

रुसे शहरात ल्युबेनने तीस वर्षं ट्रॉलीबस चालवली. त्याची बायको वेनेता सप्टेंबरात गेली. तिथल्या रिवाजाप्रमाणे तिच्या निधनाचा कागद अजून इमारतीच्या दारावर चिकटवलेला होता. येता-जाता तो मान खाली घालून त्याच्यासमोरून जायचा. घरात दिवसचे दिवस कुणाशी बोलणं नसायचं. नोव्हेंबरात छत गळायला लागलं तेव्हा त्याने खाली पातेलं ठेवलं आणि नुसताच बघत बसला. थेंब पाण्यावर आपटला की क्षणभर पाण्याचाच एक मुकुट उभा राहायचा. मुलीचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. तो त्याने बाहेर काढला, आणि नाद लागला तो लागलाच.

शंभरातला एखादा फोटो साधायचा. त्यासाठी तो थेंबांची मनधरणी करायचा. ये बाबा, ये, आता कशाला अडलास, असं चालायचं. फोटो हुकला की शिव्या घालायचा, साधला की एकटाच मोठ्याने हसायचा.

वरच्या घरात राइनामावशी राहायच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. पाणी त्यांच्याच पाइपातून येत होतं. त्यांना सांगायला हवं होतं. त्याची मुलगी यावोरा सोफियाहून दर रविवारी फोनवर तेच विचारायची. मावशींना सांगितलंस का? त्यांच्याकडची फरशी ओली राहील, एखाद्या दिवशी घसरून पडतील त्या. उद्या सांगतो, असं तो म्हणायचा. जिन्यात मावशी दोनदा भेटल्या. दोन्ही वेळा त्याने थंडीबद्दल बोलून वेळ मारून नेली. पाइप दुरुस्त झाला की थेंब थांबणार, हे त्याला कळत होतं. पुढे यावोरानेही विचारणं सोडून दिलं.

सुरुवातीला पाणी दिवसभरात कधीही गळायचं. नाताळच्या सुमारास ते तीन दिवस बंद पडलं. ते तिन्ही दिवस ल्युबेन अंथरुणातून जेमतेम उठला. मग गळती परत सुरू झाली, ती मात्र अगदी शिस्तीत. रोज चार ते पाच. त्या वेळेला मावशी भांडी घासत असणार, असं तो धरून चालला.

साडेचार झाले. तो खुर्चीवर चढला आणि पाइपाभोवती बोटं फिरवली. सगळं कोरडं ठणठणीत. आधी त्याला राग आला. नळदुरुस्तीवाला येऊन गेला असणार, आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

खुर्चीवरून उतरताना त्याला आठवलं. चारच्या जरा आधी वर काहीतरी धपकन पडलं होतं. तो तेव्हा पेन्सिल सरळ करत होता. त्यानंतर मावशींच्या सपातांचा आवाज आलाच नव्हता. या इमारतीत वरचा माणूस खोकला तरी खाली ऐकू येतं. आणि आपण पाऊण तास छताकडे बघत बसलो होतो, थेंबासाठी.

वेनेता आणि मावशींनी कित्येक वर्षांपूर्वी एकमेकींकडे किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या. खिळ्याला लटकणारी किल्ली घेऊन तो जिना चढला. दार तीनदा वाजवलं. मग किल्लीने उघडलं.

मावशी स्वयंपाकघरात बेसिनच्या कपाटापुढे कुशीवर पडल्या होत्या. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे.

"आलास," त्या म्हणाल्या. "हाक मारायला दमच उरला नव्हता."

त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. मावशींच्या डोक्याखाली उशी सरकवली, अंगावर घोंगडी टाकली. कमरेला हात लावू देईनात. रुग्णवाहिका वीस मिनिटांत येईल असं सांगितलं होतं. तो त्यांच्याजवळ फरशीवर बसला आणि त्याला राहवेना.

"मावशी, माझ्यामुळे झालं हे. तुमचा पाइप नोव्हेंबरापासून गळतोय. मला माहीत होतं. फोटोंपायी मी गप्प बसलो. त्याच पाण्यावरून घसरलात ना तुम्ही?"

मावशींनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"घसरले कुठे? ओणवी होत होते, गुडघ्याने दगा दिला," त्या म्हणाल्या. "आणि पाइप म्हणशील तर तो नाताळच्या आधीच बदललाय. यावोराने मला फोन केला होता. फोटोंचंही तिनेच सांगितलं."

ल्युबेनने फरशीवर हात फिरवला. फरशी कोरडी होती. त्याने कपाटात डोकावून पाहिलं. नवा पांढरा पाइप, त्यावर पाण्याचा टिपूससुद्धा नाही. पाइप जिथे जमिनीत शिरत होता, तिथल्या फटीशेजारी पाण्याने भरलेली एक वाटी ठेवलेली होती.

"मग रोज चार वाजता..." तो म्हणाला आणि थांबला.

मावशींनी उजवी मूठ सैल केली. आत डोळ्यांत औषध घालायची काचेची नळी होती.

"पाइप बदलल्यावर तीन दिवस खालून तुझा आवाज आला नाही रे," त्या म्हणाल्या.