दोन गिटारींचा आवाज

"आजी, आता दोन्ही गिटार सारख्या वाजतात का गं?" गिटारचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या प्रोसेसरची बटणं फिरवत शाल्मलीने विचारलं.

गेल्या वेळी एका लग्नात वाजवताना तिने मधेच पांढरी गिटार ठेवून काळी घेतली. काळीचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे भाग, दांडगे; तिच्या बँडच्या गायिकेचा आवाजच बुडाला. मी तर सगळ्यांना सांगते, त्या दणक्याने नवरदेव उडून परत घोड्यावर जाऊन बसला! पण गायिका चिडली. "पुढच्या लग्नात पुन्हा असं झालं, तर दुसरी गिटारवाली बघेन," म्हणाली.

"अगदी सारख्या," मी म्हटलं. शाल्मलीने तेच सेटिंग सेव्ह केलं आणि ती आजच्या लग्नाला निघाली.

ती जिना उतरली, आणि माझा हात कानाकडे गेला. कानातलं मशीन टीपॉयवरच होतं. ते लावत मी गॅलरीत धावले.

"शाल्मले, थांब! मला धड ऐकूच आलं नव्हतं!"

"आजी, पुरे तुझ्या थापा!" हसतच ती रिक्षात बसली.