सरासरीच्या वर

"या जाहिरातीच्या यादीतून एखादा माणूस वगळता येतो का रे?" सुमेधाने विचारलं.

सारंगने स्वतःच्या स्क्रीनवरून नजर काढली नाही. नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टच्या त्या जाहिरात कंपनीत मराठी बोलणारे ते दोघंच. "माणसं दिसत नाहीत यात," तो म्हणाला. "किती आहेत तेवढंच दिसतं. का गं?"

"सहज."

मीटिंग नुकतीच संपली होती. सोशल मीडियावर दारूची जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किती जण तिच्यावर क्लिक करतात, याची त्यांच्या धंद्यात एक सरासरी धरतात. सुमेधाकडे असलेल्या बीअरचा आकडा कितीतरी आठवडे त्या सरासरीच्या खालीच लोळत होता आणि क्लायंट दुसरी कंपनी शोधतोय अशी कुणकुण होती. चालत होती ती एकच जाहिरात, त्याच ब्रँडच्या बिनअल्कोहोलच्या बीअरची. त्यावरून साहेबाने, युरियानने, उपाय काढला: बिनअल्कोहोलच्या जाहिरातीवर ज्यांनी क्लिक केलं, त्यांनाच आता खऱ्या बीअरची दाखवायची.

"त्यातले काही जण सोडायचा प्रयत्न करत असतील," सुमेधा मीटिंगमध्ये म्हणाली होती.

युरियान वाईट माणूस नव्हता. ती नवीन आली तेव्हा घर शोधायला तो स्वतः तिच्याबरोबर फिरला होता. त्याने थोडा विचार केला. "सगळे अठराच्या वरचे आहेत. नियमात बसतंय," तो म्हणाला. "जेवण झालं की सुरू कर."

सुमेधाच्या नवऱ्याने, देवदत्तने, गणपतीपासून दारू सोडली होती. पहिले काही आठवडे त्याचे हात इतके कापायचे, की चहा तिला पाजावा लागायचा. मग एका संध्याकाळी त्याने फोन तिच्यापुढे धरला. "ही झीरोवाली बीअर बघ. मागवू? हातात काहीतरी असलं की बरं वाटतं." तिनेच हो म्हटलं. त्याने क्लिक केलेली ती जाहिरात आपणच केली आहे हे तिने त्याला सांगितलं नाही. ऑफिसात कुठल्या मालाचं काम करते, हे ती घरी कधीच बोलली नव्हती.

"मी हे नाही केलं तर?" तिने सारंगला विचारलं.

"तर तो मला सांगेल आणि मी करीन." सारंगने आता खुर्ची वळवली. "तुम्हा दोघांचा व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे सुमेधा. माझाही माझ्या नोकरीवर आहे."

जेवायच्या सुट्टीत ती जागेवरच बसून राहिली. जाहिरात कुठे दाखवायची त्याचा नकाशा तिने उघडला. सगळा नेदरलँड्स निळा होता. माणूस वगळता येत नसला तरी जागा वगळता येते. कापेल आन डेन आयसेलमधल्या आपल्या घरावर तिने टाचणी लावली आणि भोवती एक लाल गोल उमटला. तेवढ्या भागात जाहिरात दिसणार नव्हती. दुसरा गोल तिने ब्रेडाला काढला, देवदत्त कामाला जातो त्या गोदामावर. मग तो रोज ज्या रेल्वेने जातो तिच्या वाटेवर, रोटरडॅम, डॉर्ड्रेख्ट, मूर्डाइकचा पूल, असे गोलाला गोल चिकटवत गेली.

सारंग कॉफी घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. ते तिला उशिरा कळलं. तो नकाशाकडे बघत होता.

"आइंडहोव्हनला एक काढ," तो म्हणाला.

"कुठे?"

"स्टेशनच्या मागे. माझा भाऊ राहतो. धाकटा."

तिने काढला. मग तिने बटण दाबलं. सारंग कॉफी न पिताच जागेवर जाऊन बसला.

संध्याकाळ व्हायच्या आत आकडा सरासरीच्या वर गेला. शुक्रवार होता. युरियानने फ्रीजमधून बाटल्या काढल्या आणि सगळ्यांसमोर सुमेधाचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने कोट घालता घालता हसून मान हलवली.

तेवढ्यात देवदत्तचा मेसेज आला. मूर्डाइकच्या पुलावर काहीतरी बिघाड झाला होता, त्या बाजूच्या गाड्या बंद होत्या. "डेन बॉशवरून फिरून आता युट्रेख्टला पोचतोय. निघाली नसशील तर थांब, बरोबर घरी जाऊ."

डेन बॉशच्या वाटेवर तिने एकही गोल काढला नव्हता. सायकल ऑफिसातच सोडून ती स्टेशनकडे पळाली.

प्लॅटफॉर्मवर अडकलेल्या प्रवाशांची दाटी होती. देवदत्त टोकाच्या बाकावर बसला होता, पाठीवरची सॅक मांडीवर घेऊन. फोन सॅकवर उलटा ठेवलेला होता आणि त्यावर त्याने तळहात दाबून धरला होता. ती शेजारी बसली तरी त्याने हात उचलला नाही.

"खूप वेळ झाला का येऊन?" तिने विचारलं.

"नाही." त्याच्या कपाळावर घाम होता. मग त्याने फोन सुलटा केला आणि तिच्यापुढे धरला. पडद्यावर खऱ्या बीअरची गार बाटली होती, काचेवरून थेंब ओघळत होते. ते थेंब कुठे असावेत हे सुमेधानेच डिझायनरला सांगितलं होतं.

"ब्रेडा सोडल्यापासून हेच येतंय सारखं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी काही शोधलं नव्हतं गं. तुझी शपथ."