ओळख पटेना

गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रावणी दुपारपासून कंपनीच्या सर्व्हरचं लॉगिन बसवत होती. ते जुळल्याशिवाय तिचं महिनाभराचं काम वर चढणार नव्हतं आणि ते आजच द्यायचं होतं. पासवर्ड झाला, नवं टोकन झालं, तरी उत्तर एकच: ओळख पटली नाही.

"अम्मम्मा, सगळं मीच केलंय की गं! अन् मलाच आत घेईना."

तिची आजी नरसम्मा सकाळीच रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतल्या होत्या. विड्या वळून गुळगुळीत झालेला त्यांचा अंगठा तिथल्या मशीनला या खेपेलाही ओळखू आला नव्हता.

त्यांनी नातीचा हात ओढून उजेडात धरला.

"दाव बघू. एवढ्यात तुझीबी बोटं झिजली व्हय?"