साडूसाठी फोटो

हॉटेलचं बुकिंग व्हायच्या आधीच फर्निचरवाल्याने कुठे कुठे फोटो काढायचे ते ठरवून टाकलं होतं. समुद्राकडची गॅलरी, नाश्त्याचं टेबल, पोहण्याचा तलाव, आणि सगळीकडे त्याचं नवं जाकीट दिसलंच पाहिजे. हा सगळा खटाटोप एकट्या साडूसाठी होता.

"काय तो माणूस!" तो बायकोला म्हणाला. "जन्मात तुझ्या ताईला कुठे नेलं नाही त्याने. तिला आधी काही सांगू नकोस हं. एकदम फोटोच पाठवू. मग बघ कसा जळतो."

प्रवासभर बायको फोन धरून उभी राहिली. "अगं, वाकडा येतोय. मागे सरक, तुझी सावली पडतेय. आणि तुझी पर्स उचल तिथून, फोटो बिघडतो." तिचा चहा रोज निवून जायचा.

एकदा तिने विचारलं, "माझा एक काढता का?"

"ऊन गेलं आता. उद्या बघू."

शेवटच्या संध्याकाळी त्याने खोलीतून निवडक फोटो साडूला पाठवले आणि गॅलरीत येऊन मिशीत हसत बसून राहिला. थोड्या वेळाने फोनवर साडूचा मेसेज आला. चष्मा खोलीत राहिला होता, म्हणून त्याने फोन बायकोपुढे सरकवला.

"मोठ्याने वाच. ऐकू दे तरी, किती जळफळलाय!"

तिने वाचलं.



"फारच सुंदर! फक्त पुढच्या वेळी आमच्या मेहुणीलाही बरोबर न्या. बिचारी घरी एकटीच राहिली असेल."