काचेपलीकडचा चहा

पेठकडची बाई अतिदक्षता विभागाबाहेर एकटीच बसायची. नवरा दिंडोरीला द्राक्षछाटणीला गेलेला. अपुऱ्या दिवसांचं तिचं बाळ श्वास घ्यायला विसरायचं. "सिस्टर, औषध कसलं देता?" "कॅफिन. चहात असतं तेच," मी म्हणाले. तेव्हापासून रोज मी औषध सोडताना ती कॅन्टीनचा चहा घेऊन काचेपलीकडे उभी राहायची. मायलेक सोबत प्यायचे. आज मी बाळाचे ठोके मोजले, औषध दिलंच नाही. तिनं काचेवर थाप मारली. मी बाहेर धावले. "घाबरू नको! तो आपला आपण श्वास घेतोय. औषध बंद, घरी चार दिवसांनी." ती हसली, पण बाकावर नुसतीच बसून राहिली. चहावर साय धरली. "मंग आता ह्यो च्या कुणासंगं पिऊ?" वर्षानुवर्षं मी ड्युटीरूममध्ये उभ्यानं एकटीनंच चहा उरकत आले होते. मी तिच्याशेजारी टेकले. "अर्धा मला दे."