आवळलेला पट्टा

"कुठं दुखतं ते दाखव बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सात वर्षांच्या छोटीने दोन्ही हात डोक्याभोवती फिरवले. "सगळीकडून. पट्टा आवळल्यासारखं."

वडिलांनी आखीव वही पुढे सरकवली. ते यंत्रे दुरुस्त करीत. नोंदीशिवाय कशावर विश्वास ठेवीत नसत. सहा आठवडे, रोजचा रकाना. चित्रकलेच्या दिवशी दुखणे नाही. गोष्टीच्या तासानंतर सर्वाधिक. सुट्टीत, घरी पाहुणे आले तरच. "डोक्यात काही वाढत तर नाही ना?" त्यांनी विचारले.

"नाटकं आहेत हो, शाळा चुकवायची," आई म्हणाली. पण मुलीच्या पाठीवरचा तिचा हात हटत नव्हता. "दिवा मालवला की बघा, कुरकुर नाही. हाक मारली तरी ओ देत नाही, इतकी गाढ झोपते."

डॉक्टरबाईंनी डोळ्यांत प्रकाश टाकून आतला पडदा न्याहाळला, सरळ रेषेत चालायला लावले, पहाटेच्या उलट्यांविषयी विचारले. "मेंदूवर दाब असल्याचं एकही लक्षण नाही. अर्धशिशीही नाही. हे ताणामुळं दुखणारं डोकं आहे. पण एवढ्याशा पोरीला ताण कसला?"

त्या हात धुवायला वळल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "छोटे, तुला मांजर आवडतं की कुत्रा?"

उत्तर आले नाही.

"अगं, बाई विचारताहेत ना!" आई पुटपुटली.

डॉक्टरबाईंनी नळ बंद केला. त्या छोटीच्या समोर येऊन बसल्या आणि त्यांनी नुसते ओठ हलवले. आवाज मुळीच काढला नाही.

"आजीनं घेतले," छोटी म्हणाली. "पण एक नंबर मोठे झालेत."

आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिले. खोलीत कुणी काही बोललेच नव्हते.

"बूट कुणी घेतले, असं विचारलं मी," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "हिला फार कमी ऐकू येतं. ही ओठ वाचते. मोठ्यांना वर्षानुवर्षं शिकून जमत नाही, ते ही आपलं आपण शिकली. दिवसभर मान ताठ, नजर रोखलेली, कपाळ आकसलेलं. डोकं दुखणार नाही तर काय! गोळ्या नकोत. उद्याच कानांची तपासणी करा. वर्गात पहिला बाक, आणि दर तासाला थोडा वेळ डोळे मिटून विसावा."

वडील वहीतल्या रकान्यांकडे पाहतच राहिले. आई गुडघे टेकून मुलीसमोर बसली. एकेक शब्द सुटा करीत तिने विचारले, "अगं बाळा, आम्हाला सांगितलं का नाहीस?"

छोटीने तिघांकडे आळीपाळीने पाहिले. तिला खरोखरच नवल वाटले होते.

"म्हणजे ऐकून ऐकून तुमचं डोकं दुखत नाही?"